रसदजहाजांसाठी कॅनडाच्या नौदलाची वीस वर्षे

युद्धनौकेच्या सामर्थ्याचा विचार करताना तोफा आणि क्षेपणास्त्रे प्रथम डोळ्यांसमोर येतात. परंतु ती नौका किनाऱ्यापासून किती दूर जाईल आणि तेथे किती दिवस टिकून राहील, हे तिच्या टाक्यांतील इंधन आणि कोठारातील शिधा यांवर अवलंबून असते. ही गरज भर समुद्रात भागवणाऱ्या जहाजाला रसदजहाज म्हणतात. ते आणि युद्धनौका थोडे अंतर राखून, एकाच वेगाने समांतर चालत राहतात आणि त्यांच्यामध्ये ताणलेल्या तारांवरून नळ्या व सामानाचे गठ्ठे पलीकडे पोहोचवले जातात. भारतीय नौदलात २०११ साली दाखल झालेले ‘आयएनएस दीपक’ हे याच प्रकारातले जहाज होय. अशी जहाजे वेळेत न मिळाल्यास नौदलाची काय अवस्था होते, हे कॅनडाच्या उदाहरणावरून विशेष स्पष्टपणे कळते.

कॅनडाचे नौदल अटलांटिकवरील हॅलिफॅक्स आणि पॅसिफिकवरील एस्क्विमॉल्ट या दोन मुख्य तळांत विभागलेले आहे आणि या दोन ताफ्यांना ‘प्रोटेक्टर’ व ‘प्रिझर्व्हर’ ही १९६९ आणि १९७० साली सेवेत आलेली जहाजे रसद पुरवीत असत. या जहाजांचे बूड एकपदरी होते, म्हणजे टाकीतील तेल आणि समुद्र यांच्यामध्ये पोलादाचा एकच थर होता, आणि तेलगळतीविषयीचे नियम कडक होत गेले तशी ती कालबाह्य ठरत गेली. म्हणून २००४ साली सरकारने तीन नव्या जहाजांची घोषणा केली आणि त्यांसाठी २ अब्ज १० कोटी कॅनेडियन डॉलरांचा खर्च गृहीत धरला.

ही जहाजे केवळ इंधन वाहणारी नसावीत, अशी अपेक्षा होती. त्यांनी भूदलाची वाहने व साहित्य दूरच्या किनाऱ्यावर न्यावे, तेथील मोहिमेचे नियंत्रण करणारे मुख्यालय आणि रुग्णालय पोटात सामावून घ्यावे, शिवाय उत्तरेकडच्या बर्फातून वाटही काढावी, असे ठरले. यांतील प्रत्येक मागणी स्वतंत्रपणे रास्त होती. अडचण होती ती त्या एकत्र आल्यामुळे. वाहनांना उताराच्या फळीने आत-बाहेर करता येईल असा मोकळा, लांबरुंद मजला लागतो, तर इंधनाला आडव्या-उभ्या भिंतींनी विभागलेल्या टाक्या लागतात, आणि बर्फाला तोंड देण्यासाठी पुढचा भाग जाड पोलादाचा करावा लागतो. हे सगळे एकत्र करायचे तर जहाज लांब आणि जड होते, त्याला अधिक शक्तीचे इंजिन लागते आणि किंमत चढते. इकडे मंजूर रक्कम मात्र जागच्या जागीच होती. आलेल्या दोन्ही निविदा मूलभूत अटींत न बसणाऱ्या आणि अंदाजपत्रकापेक्षा जादा रकमेच्या निघाल्या आणि ऑगस्ट २००८ मध्ये ती प्रक्रिया रद्द करावी लागली. हा दोष निविदा भरणाऱ्यांपेक्षा मागणी आणि पैसा यांचा मेळ न घालणाऱ्या नियोजनाचा अधिक होता.

२०१० साली दोन जहाजांची, आणि शक्य झाल्यास तिसऱ्याची, सुधारित योजना आली. २०१३ साली जर्मन नौदलाच्या ‘बर्लिन’ वर्गाचा वापरात असलेला आराखडा निवडण्यात आला आणि बांधणी व्हँकूव्हर येथील सीस्पॅन गोदीकडे गेली. जुन्या जहाजांना मात्र तेवढा अवधी मिळाला नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये हवाईजवळ ‘प्रोटेक्टर’च्या इंजिनकक्षात मोठी आग लागली आणि निकामी झालेले जहाज अमेरिकी नौकांना पर्ल हार्बरपर्यंत ओढून न्यावे लागले, ‘प्रिझर्व्हर’ गंजाने पोखरले गेले होते, आणि त्याच वर्षी दोन्ही जहाजे निवृत्त करण्याचा निर्णय जाहीर झाला. दोन महासागरांवर वावरणाऱ्या नौदलाकडे स्वतःचे एकही रसदजहाज उरले नाही, आणि त्याला चिली व स्पेन यांच्या जहाजांचा काही काळ आधार घ्यावा लागला. पुढे क्युबेकमधील डेव्ही गोदीने ‘अ‍ॅस्टेरिक्स’ या मालवाहू कंटेनर जहाजाचे रूपांतर करून ते भाडेतत्त्वावर दिले व जानेवारी २०१८ पासून ते कामाला लागले. नव्याची वाट पाहण्याच्या काळात केलेली ही तात्पुरती सोय या साऱ्या प्रवासातला सर्वांत व्यवहारी निर्णय म्हणावा लागेल.

नव्या जहाजांची बांधणी २०१८ साली सुरू झाली, २०२० साली दोन जहाजांच्या प्रकल्पाचा अंदाज ४ अब्ज १० कोटी डॉलरांवर गेला, आणि जुनेच नाव घेतलेले पहिले ‘प्रोटेक्टर’ डिसेंबर २०२४ मध्ये, म्हणजे मूळ घोषणेनंतर वीस वर्षांनी, पाण्यात उतरले. तिसऱ्या जहाजाचा पर्याय प्रत्यक्षात आलाच नाही. प्रत्येक जहाजाला ठरावीक काळाने दीर्घ दुरुस्तीसाठी गोदीत जावेच लागते, त्यामुळे केवळ दोन जहाजांच्या बळावर दोन्ही किनारे सतत सांभाळता येणार नाहीत. ‘अ‍ॅस्टेरिक्स’सारख्या पूरक जहाजाची गरज कॅनडाला पुढेही भासणार आहे.