लेखणीचा धीर

यंदाच्या आषाढांतील गोष्ट आहे. रत्नागिरीचा पाऊस कसा असतो, हें कोंकणांतील वाचकांस सांगावयास नको. चार दिवस सारखी झड लागलेली, वीज गेलेली, आणि आम्ही पडवींत झोपाळ्यावर बसून पागोळ्यांचा आवाज ऐकत होतों. इतक्यांत स्वयंपाकघरांतील झांकपाक आटोपून आमची पुतणसून बाहेर आली, हातांतील मोबाइल तिनें पालथा ठेवला आणि म्हणाली, “काका, आजपासून माझें लिहिणें बंद.”

ही मुलगी गेलें दीड वर्ष मोबाइलवर कथा लिहून लोकांपुढें ठेवीत असे. घरांत लहानमोठीं अकरा माणसें. सकाळचा चहा, डबे, देवपूजेची तयारी, मुलांचा अभ्यास, आल्यागेल्याचें पाहणें, हें सर्व उरकल्यावर रात्रीं साडेदहाच्या पुढें जो तास उरे, तो तिच्या लेखनाचा. आरंभीं हुरूप मोठा होता. आपलें नांव होईल, चार पैसे येतील, एखादा प्रकाशक आपण होऊन विचारील, अशीं स्वप्नें ती आम्हांस सांगे. त्या रात्रीं मात्र तिनें हिशेबच मांडला. “परवांची गोष्ट एकवीस जणांनीं उघडली, काका. त्यांत नऊ जण आपल्या घरचे नि माझ्या माहेरचे. मग एवढी झोंप मोडायची ती कशाला?”

आमचा सारा जन्म मुलांकडून निबंध लिहवून घेण्यांत गेला. परंतु ह्या साध्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या वेळीं सुचलें नाहीं. “आज नीज जा, सवडीनें बोलूं,” एवढेंच म्हणून आम्हीं वेळ मारून नेली. तें बोलणें मनांत जुळवितां जुळवितां जें हातीं लागलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण असा प्रश्न विचारणारें कोणी ना कोणी आज पुष्कळ घरांत आहे.

पूर्वीं लेखकाच्या वाटेंत संपादक नांवाचा द्वारपाल उभा असे. त्याच्याकडून लेख साभार परत येई आणि लेखकाचें दुःख तेथेंच संपे. लेख छापला गेलाच, तर तो किती जणांनीं वाचला हें त्यास कधींच कळत नसे. त्या अज्ञानांत एक प्रकारचें सुख होतें. आतां द्वारपाल गेला, दरवाजा सताड उघडा झाला. पण आंत गर्दी इतकी कीं कोणी कोणाकडे मान वळवून पाहीना. शिवाय आपल्या लेखाकडे किती जणांनीं पाहिलें, तो आंकडा घटकेघटकेस डोळ्यांपुढें नाचत असतो. शेतकऱ्यानें भात पेरावें आणि तें रुजलें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं रोज सकाळीं दाणा उकरून काढावा, तसा हा प्रकार आहे. असें केल्यानें पीक येत नाहीं, एवढें तरी आम्हां कोंकणवासीयांस ठाऊक आहे.

भर्तृहरीनें नीतिशतकांत मनुष्यांचे तीन वर्ग केले आहेत. विघ्नांच्या भयानें जे आरंभच करीत नाहींत ते कनिष्ठ. आरंभ करून विघ्न येतांच थांबतात ते मध्यम. आणि आघातांवर आघात होऊनही हातीं घेतलेलें सोडीत नाहींत ते उत्तम. हें आम्हीं वर्गांत शेंकडों वेळां शिकविलें असेल. परंतु उत्तम पुरुष कशाच्या बळावर थांबत नाहीं, हा प्रश्न ना कोणा विद्यार्थ्यानें विचारला, ना आमच्या मनांत आला. त्याचें उत्तर आम्हांस आमच्याच जिल्ह्यांतील कांहीं माणसांच्या चरित्रांत सांपडलें.

गणपतिपुळ्याच्या दर्शनास जाणारांस शेजारचें मालगुंड ठाऊक असतेंच. कृष्णाजी केशव दामले, म्हणजेच केशवसुत, ह्यांचा जन्म १८६६ सालीं तेथें झाला. मॅट्रिकची परीक्षा उतरावयास १८८९ साल उजाडलें. पुढील आयुष्य तुटपुंज्या पगाराच्या नोकऱ्यांत, बहुतेक शिक्षकीच्याच, गेलें: कांहीं वर्षें मुंबईस, मग प्लेगच्या धास्तीनें खानदेशांत, शेवटीं धारवाडास. १९०५ च्या नोव्हेंबरांत हुबळीस त्याच प्लेगानें त्यांस नेलें. वय अवघें ३९. त्यांच्या उपलब्ध कविता दीडशेंच्याही आंत भरतात. त्या ‘काव्यरत्नावली’, ‘करमणूक’ अशा नियतकालिकांतून येत. पण आपल्या कवितांचें पुस्तक त्यांस डोळ्यांनीं पाहावयास मिळालें नाहीं. मृत्यूनंतर दहा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर हरि नारायण आपट्यांनीं तो संग्रह काढला. आधुनिक मराठी कवितेचा जनक म्हणून ज्याचें नांव घेतात, त्या कवीच्या हयातींतील जमाखर्च हा असा आहे. मात्र त्या कवितांनीं ज्यांस वेड लावलें, त्यांत पुढें राम गणेश गडकरी निघाले, आणि ते आपणांस अभिमानानें केशवसुतांचा चेला म्हणवीत. मालगुंडास जन्मस्थानीं आज जें स्मारक आहे, तें १९९४ सालीं कुसुमाग्रजांच्या हस्तें खुलें झालें. एकवीस वाचकांत एखादा गडकरी असूं शकतो, ही गोष्ट आंकडा सांगत नाहीं. भवभूतीनेंही ‘मालतीमाधवा’च्या आरंभीं हाच भरंवसा बोलून दाखविला आहे: समकालीनांनीं उपेक्षा केली तरी आपला समानधर्मा केव्हां तरी, कोठें तरी जन्मास येईलच, कारण काळ अनंत आहे आणि पृथ्वी मोठी आहे.

दुसरें उदाहरण दीर्घायुष्याचें. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे ह्यांचा जन्म १८८० सालीं ह्याच जिल्ह्यांत झाला. दापोलीस त्यांचें शिक्षण झालें, उमेदीच्या काळांत ते येथील सरकारी हायस्कुलांत शिक्षक होते, आणि पुढें मुंबईस वकिली करूं लागले. नीलकंठभट्टाच्या ‘व्यवहारमयूख’ ह्या ग्रंथाची आवृत्ति तयार करतांना, तिला धर्मशास्त्राच्या इतिहासाची एक प्रस्तावना जोडावी असें त्यांच्या मनांत आलें. ती प्रस्तावना कांहीं केल्या आवरेना. तिचाच स्वतंत्र ग्रंथ झाला. त्याचा पहिला खंड १९३० सालीं पुण्याच्या भांडारकर संस्थेनें काढला, आणि पांचव्या खंडाचा अखेरचा भाग १९६२ सालीं बाहेर पडला, तेव्हां काणे ८२ वर्षांचे होते. एकूण पृष्ठें साडेसहा हजारांवर. मध्यंतरीं वकिली, मुंबई विद्यापीठाचें कुलगुरुपद, राज्यसभेचें सभासदत्व, आणि सोबतीस पोटांतील व्रणाचें दुखणें. १९६३ सालीं त्यांस ‘भारतरत्न’ हा बहुमान मिळाला.

लोक त्या बहुमानाकडे पाहतात. आम्हांस त्यामागील त्रैराशिक अधिक शिकवून जातें. ‘व्यवहारमयूख’ १९२६ सालीं निघाला. तेथून १९६२ पर्यंत ३६ वर्षें धरलीं, तर दिवसाच्या वांट्यास येतें तें जेमतेम अर्धें पान. अर्थात् त्या अर्ध्या पानामागें किती पोथ्या चाळलेल्या असत, तें जाणता जाणे. तथापि पर्वताएवढें दिसणारें काम रोजच्या मापानें मोजलें तर ओंजळीएवढें होतें, आणि ओंजळ कोणासही उचलतां येते.

तिसरें नांव लोकमान्यांचें. त्यांचा जन्म १८५६ सालीं ह्याच रत्नागिरी शहरांत झाला. ‘गीतारहस्या’चा खर्डा त्यांनीं मंडालेच्या तुरुंगांत, १९१०-११ च्या हिवाळ्यांत, शिसपेन्सिलीनें लिहिला. लिहितांना वाचक मिळण्याची तर राहोच, तो खर्डा सरकार परत देईल ह्याचीही शाश्वति नव्हती. १९१४ सालीं सुटका झाली आणि १९१५ सालीं ग्रंथ निघाला. परंतु त्याचें बीज फार जुनें होतें. १८७२ सालीं वडिलांच्या अखेरच्या आजारांत त्यांस गीतेवरील प्राकृत टीका वाचून दाखवितांना त्या सोळा वर्षांच्या मुलाचें मन गीतेकडे वळलें. लढण्यास प्रवृत्त करण्याकरितां सांगितलेल्या गीतेंत केवळ ज्ञान आणि भक्ति ह्यांचेंच विवेचन कां असावें, ही शंका त्यांच्या मनांत घर करून राहिली, आणि तिचा उलगडा होईपर्यंत त्यांनीं ती सोडली नाहीं.

तिघांची चरित्रें शेजारीं ठेविलीं म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. यशाची इच्छा कोणास नसते? तीस वाईट म्हणणें ढोंग होईल. परंतु ती पावसाळी वहाळासारखी आहे. आषाढांत दुथडी वाहते आणि चैत्रांत कोरडी पडते. बारमाही झरा निराळाच असतो. कांहीं तरी आपणांसच समजून घ्यावयाचें आहे, कांहीं तरी आपण न सांगितल्यास सांगावयाचें राहून जाईल, ही टोंचणी म्हणजे तो झरा. ज्याच्या लेखनाखालीं तो आहे, त्यास आंकडे निराश करितील, पण थांबवूं शकणार नाहींत.

येथवर विचार जुळला तेव्हां आम्हांस थोडा अभिमानच वाटला, आणि लगेच एक शंका येऊन तो उतरला. हे तिघेही पुरुष. त्यांच्या जेवणाचें ताट कोणी तरी वाढलें, उष्टीं कोणी तरी काढलीं. मंडालेच्या कैद्यासही आचारी म्हणून एक कैदी दिलेला होता. आमच्या पुतणसुनेस तेवढें तरी आहे काय? रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा जन्म ह्याच जिल्ह्यांत करजगांवीं झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांस अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. ‘स्मृतिचित्रें’चा पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला तेव्हां त्या ६६ वर्षांच्या होत्या, आणि १९३६ सालीं त्या वारल्या. मराठींतील एक श्रेष्ठ आत्मचरित्र आयुष्याच्या अखेरच्या चार पावलांत लिहिलें जावें, ह्यांत बाईंच्या चिकाटीचें कौतुक आहे, तसाच संसारानें त्यांच्याकडून घेतलेल्या वेळाचा हिशेबही आहे. घरांतील लिहिणारें माणूस थांबलें, तर दोष सर्वस्वीं त्याच्या धीराचा नसतो.

आतां एक कबुली. हा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस फारसा नाहीं. पंचविशींत असतांना आम्हीं आमच्या आत्येकडून जात्यावरच्या ओंव्या उतरून घेण्यास आरंभ केला होता. तिला त्या शेंकड्यांनीं येत. शाळा सुटल्यावर ती सांगे आणि आम्ही लिहूं. सुमारें साठ ओंव्या झाल्यावर, त्यांतील निवडक घेऊन एक लेख आम्हीं एका मासिकाकडे धाडला. तीन आठवड्यांनीं तो दोन ओळींच्या चिठीसह परत आला. आमचा मान दुखावला. ‘वाचणार कोणी नसेल तर लिहावें कशाला?’ असें म्हणून वही माळ्यावरच्या पेटींत टाकिली. आत्या दोन-तीन वेळां म्हणाली, “अरे, अजून राहिल्यात पुष्कळ.” पुढल्या पावसाळ्यांत ती गेली.

परवां ती वही आम्हीं खालीं काढली. शेवटच्या पानावर एका ओंवीचे दोनच चरण आहेत, आणि खालीं आमच्याच अक्षरांत लिहिलें आहे, ‘पुढील उद्यां’. तो उद्यां उगवला नाहीं. लेख परत आला ह्यामुळें आमचें काय बिघडलें? कांहीं नाहीं, आम्ही मास्तर होतों ते मास्तरच राहिलों. पण त्या ओंवीचे पुढील चरण आतां पृथ्वीच्या पाठीवर कोणास ठाऊक असतील तर देव जाणे. लिहिणें सोडल्यानें लेखकाचें नांव बुडतें असें आपण समजतों. खरें नुकसान होतें तें त्या न लिहिलेल्या वस्तूचें.

ती वही आम्हीं पुतणसुनेच्या हातीं दिली, आणि वर लिहिलेलें सारें बोलण्याऐवजीं तें शेवटचें पान तेवढें दाखविलें. ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “सासूबाईंना येतात कां हो अशा?” आमच्या धाकट्या भावजयी गुहागरकडच्या, त्यांस विचारलें, तर त्या आधीं लाजल्या आणि मग जेवणें होईपर्यंत थांबेनात.

त्यानंतर घरांत बसून पांच गोष्टी ठरल्या. लिहिण्याचा तास रात्रीं साडेदहाचा न ठेवतां संध्याकाळीं पांच ते सहा ठेवावा. त्या तासांत तिला कोणीं हांक मारूं नये, पाहुणा आला तरी चहा पुतण्यानें करावा. रोज अर्धें पान लिहावें, अधिक सुचलें तरी दुसऱ्या दिवसासाठीं थोडें राखावें. वाचकांचा आंकडा महिन्यांतून एकदांच, पौर्णिमेस पाहावा. आणि लिहिलेलें आधीं घरांत एकानें तरी मन लावून ऐकावें व खरें मत द्यावें. हें काम आमच्याकडे आलें आहे, आणि तें वाटलें त्यापेक्षां कठीण आहे.

वाचक विचारतील, मग आतां तिचे वाचक वाढले काय? गेल्या पौर्णिमेस पाहिलें तों तेवीस होते. “दोन वाढले,” ती म्हणाली आणि हंसली. पण त्या तेविसांत एक पत्र होतें. कोणा अपरिचित बाईंनीं लिहिलें होतें कीं, ह्यांतील एक ओंवी माझी आजी म्हणत असे, मी ती विसरलें होतें.

तेव्हां आमची घरोघरच्या वडील मंडळींस एवढीच विनंति आहे. आपल्या घरांत कोणी लिहीत असेल, तर त्यास ‘यशस्वी हो’ असा आशीर्वाद अवश्य द्यावा. पण त्याआधीं त्यास दिवसाचा एक तास द्यावा. आणि जें लिहीत आहे त्यानें आजचें अर्धें पान आजच पुरें करावें. ‘पुढील उद्यां’ असें लिहून ठेवण्याची चूक एका घरांत एकदां झाली, तेवढी पुरे.