निरंक आणि रिकामे

सरकारी कचेरीत नवा कारकून रुजू झाला की त्याला पहिल्याच आठवड्यात एक धडा मिळतो : तक्त्यातील रकाना कधी मोकळा सोडू नये, सांगण्यासारखे काही नसेल, तर तेथे ‘निरंक’ असे लिहावे. हाच धडा संगणकाच्या दप्तरातही किती मोलाचा आहे, ते आज पाहू.

एक्सएमएल ही नोंदी लिहिण्याची एक पद्धती. तीत प्रत्येक माहितीला नाव असते आणि एका नावाच्या पोटात दुसरे. जसे कर्मचाऱ्याच्या पोटात वेतन आणि कपात. डेटाबेसातील अशा नोंदींना प्रश्न विचारण्याची एक्सक्वेरी ही भाषा २००७ साली प्रमाणित झाली.

या भाषेत तिरकी रेघ एका नावातून दुसऱ्यात उतरण्याची वाट दाखविते. म्हणून भागाकारासाठी ‘डिव्ह’ हा शब्द योजतात. ७ डिव्ह २ म्हणजे ३.५, ‘आयडिव्ह’ लिहिल्यास पूर्णांक ३ आणि ‘मॉड’ लिहिल्यास बाकी १. तारका दोन संख्यांमध्ये आली तर गुणाकार करते, वाटेवर आली तर ‘कोणतेही नाव’ असा अर्थ देते. वजाबाकीची रेघ तर नावाचाच भाग होऊ शकते. ‘वेतन-कपात’ असे जोडून लिहिले, की यंत्र त्याच नावाची नोंद शोधू लागते. वजाबाकी हवी असेल, तर रेघेपूर्वी जागा सोडलीच पाहिजे.

खरा धोका मात्र पुढेच आहे. एखाद्या कर्मचाऱ्याच्या नोंदीत कपात मुळीच नसेल, तर वेतनातून कपात वजा करून काय उरावे? आपण म्हणू, पूर्ण वेतन. यंत्र काहीच देत नाही, आणि चूक झाली असेही सांगत नाही. ज्याचे काही देणे नाही, त्याचेच वेतन पत्रकातून नाहीसे होते! उलट दोन कपाती असल्या, तर यंत्र अडून बसते.

उपाय सोपा आहे. वेतनातून कपात नव्हे, कपातींची बेरीज वजा करावी. बेरजेचे ‘सम’ हे फलन अनेक रकमा एकत्र करते आणि रकमा नसतील तेथे शून्य ठेवते.

शून्य ही संख्या आहे. रिकामी जागा ही संख्या नव्हे. ‘निरंक’ लिहिणाऱ्या कारकुनाला हे ठाऊक होते. यंत्राला ते आपण सांगावे लागते.