पांढरा धूर, काळजात धस्स!

इंजिनचं काम झालं, बिल भरलं, गाडी घरी आली. आणि सायलेन्सर अजूनही पांढरा धूर सोडतोय? पुन्हा खिशात हात घालायच्या आधी हे वाचा.

सीन तसा ओळखीचा आहे. मे महिन्यातली दुपार, जळगावहून धुळ्याला निघालेली गाडी, आणि पारोळ्याच्या अलीकडेच टेंपरेचरचा काटा लाल रेषेवर. टोचन लावून गाडी गॅरेजला. हेड खोललं, गॅस्केट बदललं, आठ-दहा दिवस रिक्षाने ऑफिस गाठलं, त्या महिन्याचं ईएमआयचं गणित पार कोलमडलं. शेवटी गाडी ताब्यात आली, सेल्फ मारला आणि मागून पांढऱ्या धुराचा लोट! मिस्त्री म्हणतो, ‘टेन्शन नको घेऊ भो, दोन दिवस चालव, निघून जाईल.’ शेजारचे काका म्हणतात, ‘गेलं इंजिन.’ गंमत म्हणजे दोघांपैकी कुणाचंही खरं असू शकतं. कुणाचं, ते बऱ्यापैकी तुमचं तुम्हाला कळतं. त्याला लागतो अर्धा तास, एक मार्कर पेन आणि स्वतःचं नाक.

आधी एक साधी गोष्ट. एक लीटर पेट्रोल जळलं की साधारण लीटरभर पाणी तयार होतं. हो, लीटरभर! ते वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतं, म्हणून एरवी दिसत नाही. थंडीत मात्र बाहेर पडताच त्याचं धुकं होतं. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा नव्या कोऱ्या गाडीच्याही मागे पांढरी शेपटी दिसते. ती विरळ असते, हवेत लगेच विरते आणि इंजिन तापलं की पाच-दहा मिनिटांत गायब होते. तिला घाबरू नका.

आता हेच मे महिन्यात लावून बघा. बाहेर 44 डिग्री, हवा कोरडी ठणठणीत, इंजिन पूर्ण तापलेलं आणि तरीही मागे दाट पांढरा लोट रेंगाळतोय. अशा हवेत नेहमीची वाफ दिसणंच अवघड. म्हणजे कुठूनतरी जास्तीचं पाणी, तेल किंवा न जळलेलं डिझेल येतंय. पुण्या-मुंबईकडचे सल्ले ऐकताना खान्देशातला हा फरक लक्षात ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यातला पांढरा धूर हिवाळ्यातल्या धुरापेक्षा जास्त गंभीर.

पण थांबा, मिस्त्रीची बाजूही आहे. गॅस्केट फुटलं होतं तेव्हा कूलंट सिलिंडरमधून थेट सायलेन्सरमध्ये गेलेलं असतं आणि तिथे साचून राहतं. शिवाय काम करताना नव्या पार्ट्सना तेल लावलेलं असतं, क्लीनर मारलेला असतो. हे सगळं जळून-उडून जायला वेळ लागतो, आणि गाडी जागेवर घुरघुरत ठेवून ते होत नाही, कारण सायलेन्सर पुरेसा तापतच नाही. गाडी सलग वीस-तीस मिनिटं रस्त्यावर चालायला हवी. जळगावकरांनी बांभोरीचा पूल ओलांडून पाळधीपर्यंत जाऊन यावं, धुळेकरांनी लळिंगपर्यंत. कन्नडचा घाट मात्र या टेस्टसाठी नको, आणि नजर सतत टेंपरेचरच्या काट्यावर हवी. काटा चढायला लागला तर गाडी तिथेच बाजूला घेऊन बंद करा. परत येईपर्यंत धूर स्पष्ट कमी झाला असेल आणि दुसऱ्या दिवशी आणखी कमी, तर मिस्त्री जिंकला.

मार्कर पेन आणि नाक

सकाळी इंजिन थंडगार असताना कूलंटच्या बाटलीवर पाण्याच्या पातळीशी रेघ मारा. दिवसभर गाडी वापरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा थंड असतानाच बघा. कामानंतर सिस्टिममध्ये अडकलेली हवा निघते, त्यामुळे पहिल्या एक-दोन दिवसांत पातळी थोडी उतरणं नॉर्मल आहे. पुन्हा भरा, पुन्हा रेघ मारा. आता परत उतरली आणि खाली जमिनीवर एक थेंबही नाही, तर कूलंट इंजिनच्या आत जातंय. (गरम इंजिनचं रेडिएटर कॅप कधीही उघडू नका. आतलं पाणी प्रेशरखाली असतं, कॅप सैल होताच उसळून तोंडावर येतं.)

आता नाक. मोकळ्या जागेत, सायलेन्सरच्या बाजूला उभं राहून. थेट नळकांड्याला नाक लावायचं नाही आणि बंद पार्किंगमध्ये तर मुळीच नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. गोडसर वास आला तर कूलंट. ज्यांनी नुसतं बोअरचं पाणी भरलंय त्यांना हा वास येणार नाही, पण त्यांचे प्रॉब्लेम वेगळेच आहेत, ते पुढे येतीलच. डोळ्यांना झोंबणारा कच्च्या डिझेलचा वास आला तर डिझेल जळत नाहीये. जळक्या तेलाचा वास आणि धुरात निळसर झाक असेल तर रिंगा, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बो. रिंगा नव्याच टाकल्या असतील तर त्या बसेपर्यंत थोडा निळसर धूर चालतो.

डिझेलवाल्यांनी इथे जरा जास्त लक्ष द्यावं, कारण त्यांचंच इंजिन विनाकारण दुसऱ्यांदा खोललं जाण्याची शक्यता जास्त. पंप किंवा टायमिंग बेल्ट काढून परत बसवताना एका दाताचा फरक पडला, इंजेक्टर नीट बसला नाही, ग्लो प्लग मेले, तरी धूर पांढराच येतो. पण कूलंटची रेघ जागची हलत नाही. रेघ हलली नसेल आणि वास कच्च्या डिझेलचा असेल, तर हेडला हात लावू देऊ नका. आधी टायमिंग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन बघायला सांगा. 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत धुराचा फिल्टर स्वतःला साफ करताना अधूनमधून थोडा वेळ पांढरट धूर दिसतो, तो वेगळा.

रेघ उतरत असेल तर मात्र गॅरेज गाठायचं, पण ‘पुन्हा खोला’ म्हणायला नाही, टेस्ट करायला. पहिली प्रेशर टेस्ट. रेडिएटरला हातपंप लावून कॅपवर लिहिलेल्या आकड्याइतकं प्रेशर भरायचं आणि पंधरा-वीस मिनिटं काटा बघायचा. काटा उतरला, बाहेर कुठे गळती नाही, मग प्लग काढून कुठल्या सिलिंडरमध्ये ओल आहे ते बघायचं. दुसरी टेस्ट निळ्या पाण्याची. रेडिएटरमधली हवा त्या निळ्या द्रावणातून खेचतात. पेट्रोल इंजिनचा जळका वायू कूलंटमध्ये मिसळत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. लॅबमधल्या प्रॅक्टिकलची आठवण येईल! हेड खोलण्याच्या तुलनेत दोन्ही टेस्ट किरकोळ आहेत, तरीही आपण त्या मागत नाही. आणि पीयूसी पास झाली म्हणून निश्चिंत होऊ नका, पीयूसीत कूलंट मोजत नाहीत.

नवं गॅस्केट टाकूनही का जातं? बहुतेकदा हेड तपासलेलंच नसतं. अॅल्युमिनियमचं हेड तापलं की वाकतं, आणि बऱ्याच इंजिनांत मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजण्याइतका बाकही चालत नाही. लेथवर फेसिंग केलं का, हेडला क्रॅक आहे का हे प्रेशर देऊन बघितलं का, बोल्ट नवे टाकले का आणि टॉर्क पान्याने ठरलेल्या क्रमाने आवळले का, हे चार प्रश्न विचारा. अंदाजपंचे आवळलेलं हेड महिनाभर चालतं, मग पहिले पाढे पंचावन्न.

मूळ रोग तसाच

सगळ्यात वाईट केस म्हणजे गॅस्केट बदललं, पण गाडी तापली कशामुळे हे कुणी बघितलंच नाही. इथे जळगाव-भुसावळचं ऊन मध्ये येतं. रेडिएटर उष्णता सोडतो ती कूलंट आणि बाहेरची हवा यांच्यातल्या फरकावर. कूलंट 95 डिग्री धरा. बाहेर 25 असेल तर फरक 70, बाहेर 45 असेल तर फक्त 50. म्हणजे तोच रेडिएटर, तोच फॅन, पण ताकद जवळपास तीस टक्क्यांनी कमी. त्यात बोअरच्या जड पाण्याने आत क्षार धरलेला, फॅन कधी चालतो कधी नाही. वर ‘उन्हाळा आहे’ म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकायची आपल्याकडची आवडती युक्ती. त्याने रोग बरा होत नाही, फक्त काटा काही दिवस खोटं बोलतो.

कूलंट कंपनीने सांगितलेलंच भरा आणि पातळ करायचं असेल तर डिस्टिल्ड वॉटरने. उरलेला कॅन मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या हाताबाहेर ठेवा. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि जहाल विषारी असतं.

‘बघू पगार झाल्यावर’ म्हणून पांढऱ्या धुरावर गाडी रेटणाऱ्यांना एकच सांगणं. रात्रभरात सिलिंडरमध्ये पाणी साचलं आणि सकाळी सेल्फ मारला, तर पिस्टन पाणी दाबू शकत नाही. कनेक्टिंग रॉडच वाकतो, आणि गॅस्केटचं बिल हाफ इंजिनचं होतं. इंजिन एक झटका देऊन अडलं तर दुसऱ्यांदा सेल्फ मारू नका.

आणि काम देतानाच जुनं गॅस्केट, लेथवाल्याची पावती आणि वॉरंटी लिहिलेलं पक्कं बिल मागून घ्या. मिस्त्री ओळखीचा असला तरी लाजायचं कारण नाही. प्रकरण हातघाईवर आलंच तर जिल्हा ग्राहक आयोग जळगावातही आहे आणि धुळ्यातही. 2020 च्या नियमांप्रमाणे पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. पण बिलाशिवाय तिथे बोलणार काय?