पाकीट जागेवर, तरी चोरी!

संध्याकाळी अंधेरी स्टेशनच्या पुलावरून कधी गेलायत का? काय ती गर्दी! तिथं पाकीटमारानं हात मारला, तर घरी पोचल्यावर तरी खिसा रिकामा लागतो आणि चोरी कळते. पण एक चोर असा आहे, की तो सगळं नेतो, तरी तुमची एकही वस्तू जागची हलत नाही. मग चोरी झाली हे कळायचं कसं?

हा चोर म्हणजे माहिती पळवणारा प्रोग्रॅम. कॉम्प्युटरमध्ये शिरला, की तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ तो टिपू शकतो. पडद्याचे फोटो काढतो, फायलींच्या नकला करून इंटरनेटवरून आपल्या धन्याकडे धाडतो. मूळ फाईल मात्र तिथंच!

शिवरायांचे हेर बहिर्जी नाईक वेश पालटून शत्रूच्या गोटात शिरत, असं सांगतात. हा चोरही वेश पालटूनच येतो. कसा, ते बघा.

सप्टेंबर २०२० मध्ये पुण्याच्या 'क्विक हील' कंपनीच्या तज्ज्ञांनी एक हेरगिरी उघडकीला आणली. तिचं नाव 'ऑपरेशन साइडकॉपी'. २०१९ पासून कोणीतरी आपल्या सैन्यदलातल्या लोकांना ई-मेल पाठवत होतं. सोबतची फाईल सरकारी कागदपत्रासारखी दिसे. पण तिच्या नावाच्या शेवटी आणखी एक शेपूट होतं : 'एलएनके'. हे शेपूट विंडोज दाखवतच नाही! फाईल उघडली, की समोर साधा कागद दिसे आणि मागच्या मागे हेर प्रोग्रॅम उतरे. मग तो कॉम्प्युटर दूर बसलेल्या माणसाच्या हाती! हे चोर 'साइडवाइंडर' नावाच्या दुसऱ्याच टोळीच्या पद्धतीची नक्कल करत, म्हणून नाव पडलं 'साइडकॉपी'.

आता ही 'क्विक हील' कोणाची? सातारा जिल्ह्यातून आलेल्या कैलाश काटकरांची. शिक्षण दहावीपर्यंत. पुण्यात ते कॅल्क्युलेटर दुरुस्त करत, पुढे कॉम्प्युटर. दुरुस्तीला येणारे कॉम्प्युटर पुष्कळदा व्हायरसनं बिघडलेले असत. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होते. त्यांनी व्हायरसवर औषध लिहिलं आणि १९९५ मध्ये ते विक्रीला आलं. आहे की नाही गंमत?

"पण बाई, आमच्याकडे कुठे आहेत सैन्याची गुपितं?" असं माझ्या वर्गातल्या एकानं विचारलं होतं. नंतर त्यानंच आईच्या फोनवर 'फुकट गेम' म्हणून आलेली फाईल उघडली. तिचं शेपूट होतं 'एपीके'. गेम काही आलाच नाही. आईचा पोळी-भाजीचा धंदा, गिऱ्हाइकांचे नंबर, पैशांचे व्यवहार सगळं त्याच फोनवर. भीतीनं पोरगा दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत रडतच माझ्याकडे आला.

आम्ही फोनचं इंटरनेट बंद केलं. दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदलले, बँकेला कळवलं, फोनमधलं सगळं पुसून तो नव्यानं सुरू केला. आई रागावली का? रागावली. पण मग त्याला जवळ घेऊन म्हणाली, "दोन दिवस आधी सांगायचंस रे!" त्या दोन दिवसांत काय काय गेलं, ते आजही आम्हांला ठाऊक नाही. या चोरीचं हेच तर वाईट.

म्हणून तीन गोष्टी पक्क्या करा :

१. अनोळखी फाईल उघडायची नाही. ओळखीच्या माणसाकडून आली, तरी आधी फोन करून विचारायचं.
२. फोन आणि कॉम्प्युटर 'अपडेट' मागतो, तेव्हा मोठ्यांना सांगून ते करून घ्यायचं.
३. चूक झाली, तर त्याच मिनिटाला घरी सांगायचं. पैसे गेले असतील, तर मोठ्यांनी लगेच १९३० या नंबरवर कळवायचं.

आणि आजचा गृहपाठ? रात्री जेवताना ही गोष्ट आईबाबांना सांगा. फाईलला शेपूट असतं, हे त्यांना माहीत आहे का, तेही विचारा बरं!