वेळूची काठी आणि पाण्याकाठचा मेळावा

मासे गरवण्याच्या छंदावर आम्ही लेख लिहीत आहो हे कळताच घरात प्रथम हसू पिकले. कारण उघड आहे. आमच्या बेळगावच्या घरात मासा कधी शिजला नाही, आणि गळाला लागलेला मासा आम्ही पाहिला तोही कोकणातील एका मित्राच्या आग्रहाखातर, एकदाच. परंतु ज्या मंडळींची हकीकत आम्हांस सांगावयाची आहे, त्यांच्या मेळाव्यात मासा नसतोच, गळही नसतो. असते ती वेळूची काठी, तिला जोडलेला लांब दोर, आणि तो दोर डौलाने पाण्यावर टाकण्याची हौस.

गेल्या वर्षी चिरंजीवांकडे कॅलिफोर्नियात काही महिने राहण्याचा योग आला. सॅन फ्रान्सिस्को शहरात गोल्डन गेट पार्क नावाचे विस्तीर्ण उद्यान आहे. तेथे अमेरिकन रानगव्यांचे एक कुरण राखलेले आहे, आणि त्याच्या समोरच्या बाजूस, झाडीच्या आड, तीन उथळ, बांधीव तळी आहेत. मंदीच्या काळात बेकारांना काम देण्याच्या सरकारी योजनेतून १९३८ साली ती बांधली गेली. १९३३ साली स्थापन झालेला एक क्लब तेथे नांदतो. तळ्यांत मासे सोडलेले नाहीत. दोर फेकण्याचा सराव करावा एवढ्यासाठीच ती आहेत. चिरंजीवांना कचेरीतील एका स्नेह्यामुळे हा नाद लागलेला. एका सकाळी त्यांच्यासमवेत आम्ही उभयता तेथे गेलो.

वाचकांना प्रथम या खेळातील मर्म सांगितले पाहिजे. आपल्याकडे गरवणारा माणूस दोराला शिशाचा तुकडा बांधतो. त्याच्या वजनाने दोर लांब जातो. येथे आमिष म्हणून पिसे व रेशीम गुंडाळून केलेली खोटी माशी असते. तिला वजन असे नाहीच. म्हणून वजन दोरालाच दिलेले असते. काठी पाठीमागे नेली की दोर हवेत मागे उलगडत जातो. तो पुरता उलगडेपर्यंत थांबावयाचे, आणि मगच काठी पुढे आणावयाची. तो क्षण साधला तर दोर पाण्यावर अलगद उतरतो. घाई केली तर सारा गुंता पायाशी येऊन पडतो. आम्ही पायाशीच पाडला, हे सांगणे नलगे.

तळ्याकाठच्या बाकावर चार-पाच मंडळी वही-पेन्सिल घेऊन बसली होती. एक सुतारकाम करणारे गृहस्थ, एक निवृत्त शिक्षिका, एक कॉलेजात जाणारी मुलगी आणि ऐंशीच्या घरातले एक आजोबा. येत्या शनिवारी वेळूच्या काठ्यांच्या शौकिनांचा मेळावा भरवावयाचा, त्याची जुळवाजुळव चालली होती. आज बहुतेक काठ्या ग्रॅफाइटच्या असतात. त्या हलक्या आणि चपळ. वेळूची काठी त्यांहून जड, चालीने संथ, आणि हाताने घडवलेली असल्यामुळे महाग. तरीही तिच्यावाचून ज्यांना चैन पडत नाही, अशी ही मंडळी.

आम्ही हिंदुस्थानातून आलो असे कळताच आजोबा हसून म्हणाले, “मग या काठीच्या माहेरचीच माणसे तुम्ही!” आम्हांस काही उलगडेना. तेव्हा त्यांनी जी हकीकत सांगितली, ती ऐकून आम्ही थक्क झालो. १८४० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातील ईस्टन गावी सॅम्युएल फिलिप नावाचा बंदुका घडवणारा कारागीर होता. तो व्हायोलिनही करीत असे. बांबू चिरून, त्याच्या कांबी एकमेकींस चिकटवून काठ्या घडवणाऱ्या आद्य अमेरिकन कारागिरांत त्याची गणना होते. त्या काळी हा बांबू जात असे तो आपल्या कलकत्त्याहून. व्यापारात त्याचे नावच ‘कलकत्ता केन’ असे पडले होते. पुढे चीनच्या ग्वांगडुंग प्रांतातला, अधिक सरळ आणि चिवट असा बांबू मिळू लागला, आणि कलकत्त्याचा माल मागे पडला. या चिनी बांबूला ‘टोंकिन’ म्हणतात, पण टोंकिन प्रांताशी त्याचा काही संबंध नाही. १९३१ साली मॅक्लूर या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिले, त्यातील ‘अमाबिलिस’ या शब्दाचा अर्थ ‘प्रेम करण्याजोगा’ असा आहे. शास्त्रज्ञही कधीकधी रसिक असतात!

काठी घडते कशी हे सुतारबाबांनी खिशातील तुकडा दाखवून समजावले. सुमारे बारा फुटी बांबू चिरून त्याच्या कांबी काढावयाच्या. प्रत्येक कांब शेकून सरळ करावयाची, पोलादी साच्यात बसवावयाची आणि रंध्याने तासून त्रिकोणी करावयाची. साठ अंशांच्या अशा सहा कांबी चिकटवल्या की भरीव षट्कोनी काठी तयार होते. बांबूच्या पाठीकडील चिवट धाग्यांत खरे बळ असते. त्या बाजूस रंधा लावीत नाहीत. बुडापासून शेंड्यापर्यंतचा निमुळतेपणा इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात, कारण काठीचा स्वभाव त्यातच असतो. वर रेशमी दोऱ्याचे वेढे, व्हार्निश, बुचाची मूठ आणि जोडावर जर्मन सिल्व्हरची टोपणे. आमच्या गावी बांबूचे काम करणाऱ्यास मराठीत बुरूड म्हणतात आणि कानडीत मेदार. त्यांचा कोयता कांबी किती सफाईने काढतो हे आम्ही लहानपणापासून पाहिले आहे. पण त्या कांबेवर हजाराव्या भागाचा हिशेब कोणी करीत असेल, हे स्वप्नातही आले नव्हते.

ही विद्या मध्यंतरी बुडता बुडता वाचली. मेनमधील बँगोरचे आणि पुढे न्यूयॉर्क राज्यात कारखाना काढणारे हायरम लेनर्ड यांनी सहा कांबींची काठी नावारूपास आणली. पण कांबी तासण्याचे त्यांचे यंत्र कुलूपबंद खोलीत असे. इतर नामांकित कारागीरही आपली मापे जपून ठेवीत. १९५० साली अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला, तो १९७१ पर्यंत. बांबू मिळेना, फायबरग्लासच्या स्वस्त काठ्या आल्या, जुने कारागीर एकेक करून गेले. मग १९७७ साली एव्हरेट गॅरिसन या इंजिनियर कारागिराचे सारे तंत्र, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, त्यांचे शिष्य होगी कारमायकेल यांनी मापांसह ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. ते वाचून कितीतरी हौशी माणसे आपापल्या घरी रंधा घेऊन बसली. कुलपाने जे मरणाच्या दारी नेले, ते उघड्या वहीने परत आणले.

आता मेळाव्याच्या बेताकडे वळू. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, म्हणून सकाळी लवकर जमावयाचे. माशीऐवजी दोराच्या टोकाला लोकरीचा पुंजका बांधावयाचा, म्हणजे कोणाच्या डोळ्यास इजा नको. परक्याच्या काठीस विचारल्यावाचून हात लावावयाचा नाही. जोड उकलताना पीळ द्यावयाचा नाही, सरळ ओढावयाचे. उन्हातल्या मोटारीत काठी ठेवावयाची नाही. प्रत्येकाने आपली एक तरी काठी सर्वांना फेकावयास द्यावयाची. हा मुख्य नियम. एकाच लांबीच्या, एकाच क्रमांकाच्या दोराच्या दोन काठ्या हातात अगदी निराळ्या बोलतात. मिरजेचा तंबोरा छेडल्यावाचून त्याची जवारी जशी कळत नाही, तसेच हे. खाण्याचे कोणी काय आणावे याची यादी झाली, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी पिशवीतून बेळगावच्या कुंद्याचा डबा काढला आणि यादीतील गोडाचा प्रश्न तेथेच मिटला.

आजोबा मात्र गप्प होते. त्यांच्याजवळ वडिलांची काठी होती. बोटांच्या दुखण्याने आता त्यांना ती पेलत नव्हती. मुलांना आवड नाही. विकली तर एखाद्याच्या भिंतीवर जाऊन बसेल, ही त्यांची धास्ती. “शनिवारी सर्वांच्या हाती देईन,” ते म्हणाले, “कोणाच्या हातात ती राजी दिसते ते पाहीन, आणि त्यालाच देईन.”

शुक्रवारी आमचे परतीचे विमान होते. बेळगावास पोहोचून प्रवासाचा शीण जातो न जातो, तोच आम्ही चिरंजीवांना फोनवर पहिला प्रश्न केला, “काठी कोणाला मिळाली?”

“कोणालाच नाही, बाबा,” चिरंजीव म्हणाले. “अठराजणांनी फेकून पाहिली. त्या कॉलेजच्या मुलीच्या हातात फार छान चालली, आजोबा तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, अजून थोडा सराव हवा. दर रविवारी ये, मी काठी घेऊन येतो. आणि घेऊन गेले घरी.”

“मग आता?”

“आता दर रविवारी दोघे तळ्यावर असतात. पुढच्या मेळाव्याची तारीखही ठरली आहे. आणि आईला सांगा, कुंदा पाठवावयाचा आहे.”