बदलीच्या गावातली सरकारी शाळा

३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होती, आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. दुसऱ्या दिवशी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, जबलपूर नव्या मध्यप्रदेशात राहिलं. आज गन कॅरेज फॅक्टरीत, खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात किंवा पश्चिम मध्य रेल्वेच्या मुख्यालयात बदली होऊन येणाऱ्या मराठी कुटुंबाचं गाव बदलतं, तसं राज्यही बदलतं. आणि राज्य बदललं की शाळेचं पंचांगच बदलतं.

मध्यप्रदेशात शाळेचं नवं सत्र १ एप्रिलला सुरू होतं. त्या दिवशी महाराष्ट्रातलं पोर अजून वार्षिक परीक्षेच्या तयारीत असतं. जबलपूरची मुलं एप्रिलभर नवी पुस्तकं वाचतात, मग उन्हाळ्याची सुट्टी घेतात आणि जूनमध्ये परत येतात. आपण जूनमध्ये हजर झालो की आपल्याला वाटतं पहिला दिवस, आणि वर्गात दोन धडे होऊन गेलेले असतात.

पाट्यांचंही तसंच. इथे ‘माध्यमिक शाला’ म्हणजे सहावी ते आठवी; तिथे नववीचा प्रवेश मागायला गेलात तर हात हलवत परत याल. नववीसाठी हायस्कूल किंवा हायर सेकेंडरी शोधायची. आणि अकरावीसाठी ज्युनिअर कॉलेज शोधत फिरायचं नाही. अकरावी-बारावी इथे शाळेतच असते. (केंद्रीय विद्यालयं शहरात बरीच आहेत, पण त्यांचा कारभार दिल्लीहून चालतो; तो वेगळा विषय.)

शाळेच्या खिडकीशी बाबू पहिला प्रश्न टाकतो, “समग्र है?” नवख्या माणसाला वाटतं, समग्र म्हणजे सगळी कागदपत्रं. प्रत्यक्षात हा एक क्रमांक आहे. मध्यप्रदेशात राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला आठ आकडी आणि त्यातल्या प्रत्येक माणसाला नऊ आकडी समग्र आयडी असतो. शाळेतलं नाव, शिष्यवृत्ती असं बरंच काही त्याच खुंटीला टांगलेलं असतं. तो नगर निगमाच्या कार्यालयामार्फत काढावा लागतो, म्हणून सामान लावायच्या आधी हे काम उरकलेलं बरं.

दुसरा प्रश्न, “टीसी?” म्हणजे आपला शाळा सोडल्याचा दाखला. परराज्यात जाताना त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊन ठेवावी. पण कागदाइतकंच महत्त्व आता संगणकातल्या नोंदीला आहे. प्रत्येक मुलाला अकरा आकडी कायमचा शिक्षण क्रमांक असतो, आणि युडायस प्लस या सरकारी संकेतस्थळावर जुन्या शाळेने नाव ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये टाकल्याशिवाय नव्या शाळेला ते आपल्याकडे घेता येत नाही. पोर जबलपूरच्या बाकावर बसलेलं आणि नाव मात्र अकोल्यात अडकलेलं, असं होतं. निघायच्या आधी मुख्याध्यापकांना एवढं आठवण करून द्यावं.

मग कागद नसेल तर प्रवेशच नाही का? इथे मला या व्यवस्थेचं खरं नवल वाटतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं पाचवं कलम जणू बदलीवाल्यांच्या घरी बसून लिहिलंय. मुलाला राज्यात किंवा राज्याबाहेर, कोणत्याही कारणाने शाळा बदलावी लागली, तर दुसऱ्या सरकारी वा अनुदानित शाळेत जाण्याचा त्याला हक्क आहे. दाखला यायला उशीर झाला, या कारणाने प्रवेश लांबवता येत नाही की नाकारता येत नाही. उलट दाखला द्यायला जुन्या मुख्याध्यापकांनी वेळ काढला, तर कारवाई त्यांच्यावर. वयाचा पुरावा नाही म्हणूनही मूल परत पाठवता येत नाही. ही मुभा आठवीपर्यंतची, हे मात्र ध्यानात ठेवायचं. बाबूशी हुज्जत घालू नये; कलमाचा आकडा शांतपणे सांगावा.

याच्याही आधी मध्यप्रदेशाने याहून धाडसी शब्द दिला होता. १ जानेवारी १९९७ ला शिक्षा गारंटी योजना सुरू झाली. वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत शाळा नाही आणि शिकण्याच्या वयाची चाळीस मुलं आहेत, आदिवासी भागात पंचवीससुद्धा पुरेत, तर गावाने मागणी करायची आणि सरकारने नव्वद दिवसांत शिकवणारा द्यायचा. शाळा मागायचा अधिकार गावाचा, आणि मुदत सरकारला! शिकवणाऱ्याला म्हणत ‘गुरुजी’. बघता बघता अशा शाळा वीस हजारांच्या पुढे गेल्या. गुरुजींचा तुटपुंजा पगार आणि शिक्षणाचा दर्जा यांवर टीका झाली, ती रास्तच होती. तरी मंडल्या-डिंडोरीच्या रानातल्या टोल्यांवर पाटी-पेन्सिल पोचवायची ही तऱ्हा विलक्षणच म्हणायची.

अलीकडे राज्याने मोठ्या, सोयींनी भरलेल्या सीएम राइज शाळा काढल्या. २०२५ मध्ये त्यांचं नाव सांदीपनि विद्यालय झालं. सांदीपनींचा आश्रम उज्जैनचा, आणि त्यांचा सर्वांत नावाजलेला विद्यार्थी आला होता मथुरेहून. परगावाहून आलेल्या पोराला वर्गात घेण्याची चाल या मुलखात जुनीच दिसते. जबलपुरात चांगल्या सरकारी शाळेची चौकशी केलीत, तर लोक ‘मॉडेल’चं नाव घेतील, म्हणजे पंडित लज्जाशंकर झा उत्कृष्ट विद्यालय. तिथे नंबर लागणं सोपं नाही, एवढं आधीच सांगतो.

आणि मराठीचं काय, हा प्रश्न घरातली आजी विचारतेच. भोपाळच्या माध्यमिक शिक्षा मंडळाच्या दहावीच्या वेळापत्रकात मराठीचाही पेपर असतो. शिकवणारं कुणी त्या शाळेत आहे का, हे मात्र शाळेत जाऊनच विचारावं लागतं.

एकदा नाव लागलं की शाला प्रबंधन समितीची बैठक कधी आहे, तेही विचारून ठेवा. कायद्याने या समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. शाळेला आलेल्या अनुदानाचा हिशेब पाहणं हे तिचं कामच आहे. कालपरवा बिऱ्हाड लावलेली आईही तिथे बसून विचारू शकते, की मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी कधी बसणार.