कंपाविना कंपवात

हात थरथरू लागला की ‘वय झाले’ म्हणून सोडून द्यावयाचे, आणि थरथरत नसेल तर कंपवाताची शंकाही घ्यावयाची नाही, ही आपली रीत घातक आहे. पार्किन्सनच्या विकारात कित्येकांना आरंभी कंप नसतोच. खांदा आखडतो, अक्षर बारीक होत जाते, चालताना एक हात हलेनासा होतो. घ्राणशक्ती तर त्याआधीच मंदावलेली असते. असा रुग्ण महिनोन्‌महिने खांदा शेकत बसतो. तोवर मेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशींचा मोठा भाग नष्ट झालेला असतो.

उपाय नाही असे नाही. १९६१ साली व्हिएन्नात लेव्होडोपा टोचताच अंथरुणास खिळलेले रुग्ण काही तासांपुरते का होईना, उठून चालू लागले. हेच द्रव्य मद्रासच्या संशोधकांनी १९३७ मध्ये खाजकुयलीच्या बियांतून वेगळे केले होते. (म्हणून तिचे चूर्ण मनाने घेऊ नये, मात्रेचा भरवसा नसतो.) १९८७ पासून मेंदूत विद्युत्‌तारा बसविण्याची शस्त्रक्रियाही आली. मात्र यांपैकी कशानेही पेशींचा ऱ्हास थांबत नाही.

पाठीच्या कण्यातील द्रवात विकृत प्रथिन शोधणाऱ्या चाचणीचे २०२३ मधील निष्कर्ष आशादायक आहेत. तथापि निदान आजही मुख्यतः वैद्याच्या नजरेवरच अवलंबून आहे. ही नजर प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरास देणे अवघड नाही. रुग्णाला चार पावले चालवावे, बोटांची उघडझाप करावयास लावावी, कागदावर दोन ओळी लिहून घ्याव्यात, आणि शंका येताच मेंदूविकारतज्ज्ञाकडे धाडावे, एवढे शिक्षण सरकारने त्यांस द्यावयास हवे.